अब्बांची जीप आणि प्रेशरचा काटा

आमच्या अब्बांनी आयुष्यभर इंजिन कानाने तपासले. पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठचे मोटारपंप दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. पंपघराच्या दारात उभे राहूनच कोणते बेरिंग गेले ते सांगायचे. त्याच कानाच्या भरवशावर त्यांची महिंद्रा एमएम ५४० राजारामपुरीतल्या आमच्या दारात अजून चालू स्थितीत उभी आहे. २११२ सीसीचे प्यूजो डिझेल इंजिन.

गेल्या हिवाळ्यापासून अब्बांना कमी ऐकू येऊ लागले. अजानसाठी खिडकी उघडून बसतात. अम्मीने तिसरी हाक मारली की वळतात. कानाचे यंत्र आणू म्हटले, तर ‘म्हातारा झालो काय मी?’ म्हणून आमच्यावरच उखडले. गाडी विका म्हणायची हिंमत आम्हा बहीण-भावांपैकी कुणातच नव्हती.

डॅशबोर्डवर तेलाच्या प्रेशरचा फक्त लाल दिवा होता. तो पेटतो प्रेशर अर्ध्या किलोच्या आसपास उतरल्यावर, म्हणजे क्रँकच्या बेरिंगमधला तेलाचा पातळ थर तुटायला आल्यावर. त्याआधीची बारीक टकटक पूर्वी अब्बांना ऐकू यायची. आता ती कोण ऐकणार? म्हणून आम्ही काटा बसवायचे ठरवले.

काटा एका दुकानातून घेतला, सेंडर दुसऱ्या. इथेच फसलो. सेंडरच्या पोटात पातळ पडदा असतो. तेलाने तो दाबला की विजेचा रोध बदलतो आणि त्यावर काटा हलतो. आमचा काटा १० ते १८० ओहमचा, सेंडर २४० ते ३३ ओहमचा. पहिल्यात प्रेशरबरोबर रोध वाढतो, दुसऱ्यात उतरतो. चावी फिरवली, तर इंजिन बंद असताना काटा फुल्ल! इंजिन सुरू केले, तर खाली. अब्बा खूप दिवसांनी पोट धरून हसले.

जोडीचा सेंडर आणला. आटे ब्लॉकशी जुळतात का तेही पाहावे लागते. पाव इंचाच्या आतले हे आटे दिसायला सारखे, पण एकाचे एका इंचात २८ आणि दुसऱ्याचे २७ असतात; जबरदस्तीने पिळले तर ब्लॉकचे आटे जातात. आमचे जुळले. पितळी टी लावून एका तोंडाला जुना दिव्याचा स्विच ठेवला, दुसऱ्याला सेंडर. तेल गळू नये म्हणून टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली. काटा चार किलोवर गेला. अम्मीने शिरखुर्मा केला, ईद नसताना.

आठवडाभराने उद्यमनगरातले एक मेस्त्री घरी आले. त्यांनी काट्याचे कौतुक केले नाही. चावी फिरवली, इंजिन सुरूच केले नाही, आणि म्हणाले, “चाचा, गाडी बंद हाय आन् काटा एक किलो दावतोय. हे कुठलं प्रेशर?”

चूक आमच्या टेपची होती. सेंडरला अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच मिळते. टेपच्या थरांनी ती अडवली, रोध वाढला, आणि आमच्या जातीच्या काट्यात रोध वाढला की प्रेशर जास्त दिसते. म्हणजे आठवडाभर आम्ही अब्बांना खोटा दिलासा देत होतो. दिवा निदान गप्प तरी बसायचा.

मेस्त्रींनी सेंडर काढला. थरथरत्या इंजिनावर एवढे वजन लटकले तर पितळ तडकते, म्हणून ब्लॉकपासून प्रेशरचा छोटा होज घेऊन सेंडर बॉडीवर क्लॅम्पने बसवला. रबरी होजमधून अर्थिंग येत नाही. त्यासाठी वेगळी वायर थेट इंजिनाला जोडली. मग आपल्या पेटीतला नळीचा साधा गेज लावून पडताळून पाहिले. गरम इंजिन, आयडलवर एक किलोला थोडे कमी, रस्त्यावर तीन. दोन्ही गेज जुळले. “ह्या वयाला हे झ्याक हाय,” मेस्त्री म्हणाले. अब्बांनी विचारले, “माझ्या का इंजिनाच्या?”

पुढच्या जुम्मानंतर अब्बा गगनबावड्याला निघाले. शेजारच्या सीटवर आमची नऊ वर्षांची भाची. घाट चढताना अब्बांची नजर रस्त्यावर, तिची काट्यावर. बोलून उपयोग नाही हे तिला ठाऊक होते. दर वळण झाले की ती त्यांच्यासमोर हात धरायची, तीन बोटे.