अॅल्युमिनियमची चकती आणि पिंजऱ्यातला तितर

पक्ष्याच्या आवाजाची नक्कल करून त्याला जवळ आणण्याची विद्या अनेक शिकारी समाजांत आढळते. मात्र पक्षी त्या आवाजाकडे कोणत्या कारणाने येतो, यावर नकलेचे साधन कसे असावे हे ठरते, आणि साधनांची वर्णने करणारे नेमके हेच कारण सांगायचे विसरतात. उत्तर अमेरिकेतील रानटर्कीसाठी वापरला जाणारा पॉट कॉल आणि मध्य भारतातील पारध्यांनी तितर धरण्यासाठी बाळगलेला पाळीव तितर या दोहोंची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

पॉट कॉल म्हणजे तळहातावर मावणारी, लाकडाची किंवा प्लास्टिकची उथळ गोल डबी. तिच्या तोंडावर पाटीच्या दगडाची, काचेची किंवा अॅल्युमिनियमची चकती बसवलेली असते, आत थोड्या अंतरावर आवाज घुमवणारी दुसरी चकती असते आणि तळाला आवाज बाहेर पडण्यासाठी भोके असतात. वरच्या चकतीवर लाकडी काडीचे टोक दाबून लहान वर्तुळे काढली, की ते टोक क्षणभर अडकते, सुटते, पुन्हा अडकते, आणि या कंपनातून मादीची हाक उमटते; सारंगीच्या तारेवर राळ लावलेला गज फिरतो तेव्हाही हेच घडते. वसंतात टर्कीचा नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते, असा निसर्गक्रम आहे. शिकारी मादीची हाक देऊन हा क्रम उलटवू पाहतो, आणि म्हणूनच नर पुष्कळदा उत्तर देऊनही जागचा हलत नाही.

अॅल्युमिनियमची निवड या अडचणीतून येते. पाटीचा आवाज मऊ, जवळच्या संवादाला योग्य. अॅल्युमिनियमचा उंच, धारदार, वाऱ्यातही दूर पोचणारा. दूरवरच्या नराला बोलते करायचे असेल तर धातू उपयोगी पडतो, परंतु नर पल्ल्यात आल्यावर तोच आवाज अंगावर येतो, त्यामुळे जाणकार शिकारी डबीसोबत वेगवेगळ्या लाकडांच्या दोन-तीन काड्या बाळगतात. काडी बदलली की एकाच चकतीचा स्वर बदलतो, आणि डबी निवडताना लोक चकतीकडे जेवढे पाहतात तेवढेच काडीकडेही पाहायला हवे.

अमेरिकेतील एका मराठी कुटुंबाकडून आलेली अशी अॅल्युमिनियमची डबी गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे, देवळांच्या खालच्या अंगाला वैनगंगेच्या पात्रात, फेब्रुवारीअखेर पाहण्यात व वाजवण्यात आली. कोणत्याही पक्ष्याला बोलावण्याचा हेतू त्यामागे नव्हता. पहाटेच्या दवात काडी नुसतीच घसरत राहिली. चकती कोरड्या फडक्याने पुसून बारीक काचकागदाने एकाच दिशेने घासली, आणि त्या ओरखड्यांना आडवी काडी चालवली, तेव्हा कुठे आवाज उमटला. घासण्याचे प्रयोजन केवळ मळ काढणे एवढेच नाही: लाकडी टोक फिरून फिरून धातूला गुळगुळीत करते, त्यावर लाकडाची पूड चिकटते, आणि अडकायला जागाच उरत नाही. काडीचे टोकही अधूनमधून हलके घासावे लागते. चकतीला बोट लावू नये हा नियम सर्वांत आधी मोडला जातो, कारण डबी धरायची तर बोटे कडेशी येतातच आणि त्वचेचा तेलकटपणा चकतीवर उतरतो. पाहणाऱ्या प्रत्येकाने ती आधी बोटाने चाचपली, हेही नोंदवण्यासारखे. पात्राच्या मोकळ्या वाळूवर आवाज लांब गेला. काठच्या झुडपांतले तितर आपापल्या हाका देत राहिले, त्या परक्या आवाजाची त्यांनी दखल घेतल्याचे दिसले नाही, आणि तसे अपेक्षितही होते.

तितराच्या नराला मादीचे आमिष दाखवण्याची गरजच पडत नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर ओरडला की तो तावातावाने चालून येतो, आणि फासेपारध्यांची पद्धत याच स्वभावावर बेतलेली होती: पाळलेल्या नराचा पिंजरा झुडपाशी ठेवायचा, भोवती फासे, म्हणजे पाय अडकवणारे दोऱ्याचे सरकते गळफास, मांडायचे आणि दूर बसायचे. रानकोंबडा धरण्यासाठीही पाळीव कोंबडा असाच बांधला जाई. या जिवंत साधनाची निगा डबीपेक्षा कितीतरी कष्टाची आहे, कारण त्याला वाळवी शोधून चारावी लागते, पिंजरा कापडाने झाकून न्यावा लागतो आणि माणसाच्या सहवासात राहूनही त्याची भांडखोर वृत्ती शाबूत ठेवावी लागते. त्या बदल्यात आवाज केव्हा चढवावा आणि केव्हा थांबावे हे त्याला शिकवावे लागत नाही. पॉट कॉल वाजवणाऱ्याला तेच सर्वांत उशिरा जमते.

अमेरिकेत परवाना घेऊन ठरावीक हंगामात टर्कीची शिकार करता येते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे ही कृत्येही शिकारीच्या व्याख्येत मोडतात, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने होणारी हौसेची शिकारही थांबली. त्यामुळे पारध्यांची ही विद्या पोटापाण्याचे साधन म्हणून बेकायदा ठरली, तरी पक्ष्याच्या हद्दीविषयीचे तिच्यातले ज्ञान पक्षिगणनेच्या कामी येऊ शकते, आणि ते लिहून ठेवण्याची निकड डबीच्या कौतुकाहून मोठी आहे. हाकेचा वापर मात्र थांबलेला नाही. छायाचित्रासाठी मोबाइलवर तितराची हाक पुन्हा पुन्हा वाजवणारा हौशी पक्षिनिरीक्षक त्याच स्वभावाला डिवचतो. खरा नर चरणे सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतो, आणि या साधनाला ना काचकागद लागतो, ना वाळवी.