टिटवाळ्याचा पाऊस आणि पाठीवरची सॅक

पावसाळ्यातली अंगारकी म्हणजे मंगळवार. टिटवाळ्याला महागणपतीचं दर्शन आणि तिथूनच लोकलने ऑफिस! सॅकमध्ये लॅपटॉप, म्हणजे रिस्क आलीच.

गोल्फवाले बघा. चालायचं तर हलकी स्टँड बॅग, गाडीतून फिरायचं तर मोठी कार्ट बॅग. हाच फंडा इथेही लावा. स्टेशनपासून देवळापर्यंत चालणार? छत्री डोकं वाचवते, सॅक नाही. रेनकव्हर लावलं तरी पाठीकडची बाजू उघडीच. त्यापेक्षा तोंड गुंडाळून बंद होणारी, आतून शिवणींवर टेप लावलेली हलकी सॅक घ्या. रिक्षाने जाणार? मग सॅक मांडीवर, साधं रेनकव्हर पुरे.

आणि हो, कापड कितीही वॉटरप्रूफ असो, पाणी शिरतं ते चेन आणि शिवणीतून. दुकानात रंगाआधी तेच बघा!