सपाटीवरचा सरहद्दीचा किल्ला

अद्भुतकथांतील सीमेवरचा किल्ला बहुधा दुर्गम कड्यावर असतो. मराठवाड्याच्या सपाटीवर मात्र तो कुंडलिकेकाठच्या जालन्यात उभा राहिला, जिथे भय वाटावे ते चहूबाजूंच्या मोकळ्या क्षितिजाचे. साखरखेर्ड्याच्या १७२४ मधील विजयानंतर निजाम आसफजाहच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये तो बांधला. त्यातील बालेकिल्ल्याला, म्हणजे किल्ल्यातील शेवटच्या आश्रयस्थानाला, मस्तगड म्हणतात. या मुलखावर मराठे चौथाईचा, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शाचा, हक्क सांगत असल्याने तटावरच्या पहारेकऱ्याला दुरून उठलेली धूळ गुरांची, वावटळीची की घोडदळाची हे ती जवळ येईपर्यंत उमगत नसेल, आणि हा न संपणारा संशयच सरहद्दीवरच्या चाकरीचा खरा शीण म्हटला पाहिजे. पुढे सीमा सरकली, किल्ला मराठा सरदार शिंद्यांकडे आला, आणि २ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी स्टीव्हन्सनने तो घेतला. त्याच महिन्यातील असईच्या लढाईच्या वर्णनात रमणारे ग्रंथकार ही घटना एका वाक्यात आटोपतात. २१ सप्टेंबरला इंग्रज सेनापती वेलस्ली व स्टीव्हन्सन बदनापुरात भेटले, मराठ्यांच्या फौजेवर चालून जाण्यासाठी भोकरदनकडे दोन वाटांनी निघण्याचे ठरले, आणि २३ तारखेची निर्णायक लढाई असईच्या उघड्या रानात झाली.