मागून आणलेली पेटी

साखर उसनी आणावी आणि पातेले मागून आणावे, हा भेद आमच्या आजीच्या पिढीला कोणी शिकवावा लागला नाही. वाटीभर साखर फेडताना तीच साखर कोणी मागत नाही. पातेले मात्र तेच परत जावे लागते, आणि तेही घासूनपुसून. धर्मशास्त्रकारांनी या दुसऱ्या प्रकाराला ‘याचित’ असे नाव दिले. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने विवाहादी उत्सवांसाठी मागून आणलेली वस्त्रे आणि अलंकार हे त्याचे उदाहरण सांगितले आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात हाच विषय ‘निक्षेप’ या सदरात येतो. वकिलीत आम्हांला त्याची गाठ पडते ती गोदामे आणि मालमोटारी यांच्या तंट्यांत. त्यातील गोडवा मात्र आम्हांला उमगला तो बेळगावचे आमचे अभ्यासमंडळ एका महाविद्यालयाकडून महिन्यातून एकदा एक पेटी मागून आणू लागले तेव्हा.

पेटी साधी, हातात धरून नेण्याजोगी. आत मऊ स्पंजाच्या खाचांत एक मान फिरवणारा कॅमेरा, एक खाली कागदाकडे पाहणारा कॅमेरा, टेबलावर ठेवायचा चपटा ध्वनिग्राहक, ध्वनिवर्धक आणि तारांची भेंडोळी. संगणक आणि पडदा आमचा; बाकी सारे मागून आणलेले. एवढ्या सरंजामावर आमची खोली मडगावच्या आणि इंदूरच्या खोल्यांना जोडली जाते आणि तिन्ही ठिकाणची मंडळी एकच मोडी कागद वाचू लागतात.

मोडी हे एकट्याने वाचण्याचे काम नव्हे, असे आमचे मत होत चालले आहे. आधी ओळभर शिरोरेघ ओढून मग हात फारसा न उचलता लिहिलेली ती अक्षरे. ऱ्हस्वदीर्घाचा विवेक नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि संक्षेप तर पदोपदी. मागे एका गहाणखतातील एक शब्द आम्ही बेळगावकरांनी ‘कुळाघर’ असा लावला. शाई उडालेली होती. घरच गहाण पडले असणार, असे आम्ही धरून चाललो. तोच पडद्यावरून मडगावचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “अहो वकीलसाहेब, ते घर नव्हे, कुळागर! आमच्याकडे माडा-पोफळींच्या बागेला तसे म्हणतात.” एका अक्षराने घराची बाग झाली. कोंकणी ज्याच्या कानात आहे त्यालाच मराठी दस्तऐवजातील हा शब्द दिसला.

या सोयीमागील यंत्रविद्या थोडी जाणून घेण्यासारखी आहे. बेळगावाहून इंदूर सरळ रेषेत सुमारे पावणेआठशे किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे हे अंतर त्याला सेकंदाच्या अडीचशेव्या भागाचे काम. विलंब होतो तो अंतरामुळे नव्हे, तर चित्र दाबून लहान करणे, जाळ्यातील गर्दीत रांगेत थांबणे आणि पलीकडे पुन्हा उलगडणे यामुळे. एका बाजूचा हा विलंब दीडशे मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण सहज वाटते, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. त्याहून फार वाढला की दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम गप्प होतात. शिवाय ध्वनिवर्धकातून आलेला इंदूरकरांचा आवाज आमच्या ध्वनिग्राहकाने पुन्हा इंदूरला धाडू नये, म्हणून तो वजा करण्याची व्यवस्था यंत्रातच असते. एका खोलीत पंधरा माणसे बसवायची तर ही व्यवस्था चांगलीच असावी लागते, आणि म्हणूनच ही पेटी मागून आणावी लागते.

“एवढा खटाटोप कशाला? ज्याने त्याने घरी बसून आपल्या दूरध्वनीवर यावे,” अशी सूचना मंडळातील तरुणांनी केली. ती व्यवहाराला धरून आहे. २०२० च्या महामारीत न्यायालयेही तशीच चालली. दूर पडद्यावरची उपस्थिती ही उपस्थितीच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात २००३ मध्येच साक्षीपुरते मान्य केले होते. तरी आमचे मन त्या सूचनेला राजी होत नाही. साक्ष एकट्याची असते. वाचन मंडळीचे असते. अमेरिकेतील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेने गेल्या शतकाच्या अखेरीस ‘ॲक्सेस ग्रिड’ नावाची योजना उभारली, तिचा हेतूही हाच होता: माणसाला माणूस नव्हे, तर समूहाला समूह जोडणे. आमच्यात मोडी सराईतपणे वाचणारे आता मोजकेच, आणि तेही सत्तरीपुढचे. त्यांच्या शेजारी बसून, त्यांचे बोट अक्षरावरून कसे फिरते ते पाहूनच नवा वाचक तयार होतो. प्रत्येकजण आपापल्या चौकटीत गेला, तर कागद वाचले जातील. वाचणारे घडणार नाहीत.

“मग वर्गणी काढून स्वतःचीच पेटी घ्या,” हा दुसरा पक्ष. त्यालाही आम्ही तूर्त अनुकूल नाही. मागून आणलेल्या वस्तूची काळजी शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूइतकीच घ्यावी, असे कलम १५१ सांगते. काम होताच ती न मागता परत करावी, असे कलम १६०. देणाऱ्यावरही ओझे आहे: वस्तूतील ठाऊक असलेला दोष त्याने आधी सांगितला पाहिजे. त्याप्रमाणे महाविद्यालयाचा कर्मचारी आम्हांला बजावतो, “तिसरी तार सैल आहे, जपून लावा.” या देवघेवीपोटी महाविद्यालयातील दोन विद्यार्थी पेटीबरोबर येऊ लागले, आले ते तारा जोडण्यासाठी, आणि आता बाराखडी गिरवीत बसतात. पेटी आमची असती, तर ते कशाला आले असते?

फुकट दिलेली वस्तू देणारा वाटेल तेव्हा परत मागू शकतो, हे कलम १५९ आम्ही विसरलेलो नाही. उद्या ते महाविद्यालय नाही म्हणेल आणि तसा त्याचा हक्क आहे. तोवर दर बैठकीच्या शेवटी तारा मोजायच्या, कॅमेऱ्याची काच पुसायची, आणि दिवेलागणीच्या आत पेटी पोचती करायची, एवढे आमच्या हाती आहे. त्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने परवा एक संपूर्ण ओळ, कोणाच्या मदतीवाचून, वाचली. त्याची पोच मात्र कोणत्याही नोंदवहीत नाही.