काट्याएवढी वाट

कापूस वेचणाऱ्या बायांचे हात मी जामनेरच्या शिवारात लहानपणापासून पाहत आले. बोंडाच्या वाळलेल्या कडा बोटांना ओरबाडतात, तरी मनगट अलगद वळतं आणि पांढरा पुंजका ओंजळीत येतो. त्याच बायांचे पाय मात्र मी कधी नीट पाहिले नव्हते. भेगा, कुरूप, काळ्या मातीचा थर. संध्याकाळी दगडाने घासायचे, एवढंच. बाभळीचा काटा रुतला की आजी पाय मांडीवर घ्यायची, सुईने टोकरायची, नाहीच निघाला तर रुईचा चीक लावायची. “हालू नको, माय,” म्हणायची. तिथे पायाची गोष्ट संपायची.

आमच्या गल्लीतल्या एका सालदाराची ती संपली नव्हती. काटा कधी रुतला हे त्याला आठवतही नव्हतं. तळव्याला गाठ आली. दुखत नाही म्हणून तो औतामागे चालत राहिला. वर्षं गेली. पाऊल फुगलं, त्याला बारीक तोंडं फुटली आणि पुवातून काळे दाणे येऊ लागले. आम्ही पोरं त्याच्यापासून लांब बसायचो. ते आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी जिन्यावरून पडले, हातावर. डॉक्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी असलेला खळगा दाबला आणि मी कळवळले. तपकीर ओढणारे चिमूट ठेवतात तो हा खळगा. त्याच्या तळाशी नावेच्या आकाराचं एक हाड असतं. मनगटात अशी आठ हाडं, दोन ओळींत: एक चंद्रकोरीसारखं, एक वाटाण्याएवढं. तान्ह्या बाळाच्या एक्स-रेत ती दिसतच नाहीत, कारण तेव्हा ती कूर्चेची असतात. मग एकेक उमटत जातं. वाटाण्याएवढं सगळ्यांत शेवटी, नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास. नावेच्या हाडाला बहुतेक रक्त बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि ते उलटं, कोपराच्या दिशेने वाहतं. हाड मधोमध मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो; मधे पाट फुटल्यावर शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही, तसा.

हात प्लास्टरमध्ये असताना मी मनगटाची चित्रं शोधत राहिले आणि हेन्री व्हॅन्डाइक कार्टर या माणसापाशी पोचले. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रं त्यांची. पुस्तकाला नाव लागलं ते ग्रे यांचं. त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले. इथे त्यांच्यासमोर आली ती अनवाणी माणसांची पावलं: फुगलेली, छिद्रं पडलेली, दाणे गाळणारी. मदुराईकडे हा रोग आधी नोंदला गेला होता, म्हणून त्याला मदुरा पाऊल म्हणत. कार्टर यांनी ते दाणे तपासले, हे बुरशीचं काम आहे असं १८६० मध्ये मांडलं आणि रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिलं. १८७४ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. ज्या हाताने निरोगी मनगटाची हाडं रेखली, त्याच हाताने त्याच निगुतीने ती पावलंही रेखली.

ते वाचताना माझा सालदार माझ्यासमोर उभा राहिला. आज आपल्याला ठाऊक आहे, की काळे दाणे बुरशीचे असतात. पांढरे-पिवळे दाणे बुरशीचे असू शकतात, तसे जिवाणूंचेही. म्हणून दाणा तपासायचा, कारण दोघांची औषधं वेगळी. जिवाणूंचा रोग प्रतिजैविकांनी बराच आटोक्यात येतो; बुरशीचा महिनोन् महिने चिवटपणे टिकतो, हाडात शिरतो, कधी पाय कापावा लागतो. त्याला आत यायला काट्याएवढी वाट पुरते. तरी दुर्लक्षित रोगांच्या यादीत जागतिक आरोग्य संघटनेने त्याला घेतलं ते २०१६ मध्ये. गाठ लहान असते आणि दुखत नसते, तेव्हाच पाय दाखवायला हवा. पण न दुखणारा पाय घेऊन मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाईल?

गेल्या वेचणीला शेतात गेले होते. एक बाई बांधावर टेकली होती, एक चप्पल हातात. मी म्हटलं, “काकू, पाय दाखवा बरं.” तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. “राहू द्या, माय, मळका आहे.”

मी मातीत मांडी घालून बसले. बरं झालेलं मनगट पुढे करून वाट पाहिली. थोड्या वेळाने तिने पाय माझ्या मांडीवर ठेवला.