दोन अंतरे

वसईच्या किल्ल्याजवळ खाडीच्या काठी उभे राहिले, की समोर पाण्याचे विस्तीर्ण पात्र दिसते आणि त्याच्या पलीकडे भाईंदरचा किनारा. तिवरांच्या झाडीतून एखादा बगळा उडतो, संथपणे पंख हलवीत सरळ पलीकडे निघतो आणि पाहता पाहता दिसेनासा होतो. त्याला ना पूल लागतो, ना रस्ता. दोन किनाऱ्यांमधील सरळ रेषा हीच त्याची वाट.

माणसाची वाट इतकी सरळ नसते. मोटारीने पलीकडे जायचे, तर आधी पूर्वेकडचा महामार्ग गाठायचा, घोडबंदरजवळ खाडी ओलांडायची आणि पुन्हा पश्चिमेकडे वळायचे. या सुमारे 38 किलोमीटरांच्या वळशाला दोन तास लागत. मुंबईहून दिल्ली हवाई मार्गाने साधारण 1,150 किलोमीटर. विमानालाही तेथे पोहोचण्यास दोनच तास पुरतात! डोळ्यांसमोरचे भाईंदर आणि हजार किलोमीटरांपलीकडची दिल्ली, घड्याळाच्या लेखी दोन्ही सारखीच दूर ठरली.

2024 च्या फेब्रुवारीत वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये माणसांबरोबर वाहनेही नेणारी बोट सुरू झाली. पाण्यावरचा मार्ग जेमतेम साडेतीन किलोमीटरांचा आणि वेळ पाव तासाचा. खाडी तीच, किनारेही तेच. बदलली ती केवळ वाट.

रेल्वेने जाणाऱ्यास तर ही खाडी फार पूर्वीच सोपी झाली होती. 1864 मध्ये मुंबई आणि सुरत लोहमार्गाने जोडली गेली. वसईची भाजी, फुले आणि केळी पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. होडीच्या शिडात वारा भरण्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

परंतु याच लोहमार्गावर, नायगाव आणि भाईंदर यांच्या दरम्यान, खाडीच्या मधोमध पाणजू नावाचे बेट आहे. गाड्या धडधडत त्याच्यावरून जातात. मात्र तेथे स्थानक नाही. पाणजूची मुले गाडीच्या खिडक्यांतील माणसे पाहू शकतात, पण त्या गाडीत बसायचे, तर त्यांना आधी होडीने नायगाव गाठावे लागते. भरती-ओहोटी आणि पाऊस-वारा यांची मर्जी सांभाळावी लागते, ती वेगळीच. ज्या वाटेने लाखो लोक दूरदूरच्या गावांना जवळ आले, तीच वाट दाराशी असूनही पाणजूला परकी राहिली.

म्हणून कोणी दोन गावांमधील अंतर विचारले, तर नकाशावर पट्टी ठेवून भागत नाही. तेथे कसे जायचे आणि कोणाला जायचे आहे, हेही विचारावे लागते. बगळ्याचे अंतर निसर्गाने ठरविले आहे; ते बदलणार नाही. माणसाचे अंतर मात्र बहुधा माणसांनीच ठरविलेले असते, आणि म्हणूनच ते कमी करणेही माणसांच्या हाती असते.