जुना तांदूळ असेल तर…

मैत्रिणींनो, लेक पायथॉनचा गृहपाठ घेऊन बसली की ‘मला बाई त्यातलं कळत नाही’ म्हणून उठू नका. भोर-वेल्ह्यात आपण आंबेमोहर रांधतोच ना? तांदूळ जुना असेल तर पाणी जास्त, नाहीतर कमी. संगणकातलं ‘इफ’ आणि ‘एल्स’ ते हेच! ‘इनपुट’ म्हणजे आधी विचारून घेणं : जुना की नवा? वाट्या किती?

एक मात्र ध्यानात ठेवा. पायथॉन टाइप केलेल्या उत्तराला अक्षरंच समजतं. २ आणि १ यांची बेरीज ३ नव्हे, २१ सांगतं! ‘इंट’ लिहिलं की त्याचा आकडा होतो.

माझ्या शिकवणीतल्या मुली हे चटकन धरतात. अडतं ते आईच्या ‘हे आपलं काम नव्हे’पाशी. तेव्हा आज लेकीशेजारी बसा आणि विचारा, ‘नाहीतर काय होईल गं?’